इंजिनात पिकलेलं मीठ

हिरामण घरत इंजिनाला कधी भ्याला नाही. भ्यायचा तो आईला, आणि ही गोष्ट सगळ्या खारकोंडाला ठाऊक होती.

खारकोंड म्हणजे उरणहून पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक नाका आणि नाक्यामागे आगऱ्यांची चाळीसेक घरं. तीन बाजूंना मिठागरं, चौथीकडे खाडीचा बांध. हिरामणची आई शेवंताबाई मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. बाप लवकर गेला. जाताना मागे दोन बैल आणि एक नियम ठेवून गेला: कामावरून घरी आलं की आधी बैलांना पाणी, मग माणसांना. बैल पुढे विकावे लागले, पण नियम शेवंताबाईने विकला नाही. शेजारची शेळी दारात येऊन उभी राहिली तरी ती आधी तिच्यापुढे भांडं ठेवायची आणि मग स्वतः घोट घ्यायची.

सोळाव्या वर्षी हिरामण मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचच्या इंजिनखोलीत कामाला लागला. वर प्रवासी उलट्या करायचे आणि खाली हा तेलाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरायचा. मोरा ते भाऊचा धक्का, भाऊचा धक्का ते मोरा, अशी आठ वर्षं काढली. कोणता नट सैल झालाय ते नुसत्या आवाजावरून सांगायला लागला. त्या लाँचच्या इंजिनाला थंड ठेवायला दर्याचंच पाणी असायचं. एका नळीने आत यायचं, दुसऱ्या नळीने बाहेर पडायचं. इंजिन खारं पाणी पितं, हे तेव्हा जे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं.

चोपन्न साली कमळाकर गुप्ते नावाच्या डॉक्टरांनी खारकोंड नाक्यावर दवाखाना उघडला. त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू होता, त्यामुळे सायकल जमायची नाही. म्हणून येताना ते जुन्या बाजारातून घेतलेली मॉरिस मायनर घेऊन आले. बुटकी, गोलमटोल गाडी. गाव तिला कासवी म्हणायचं. डॉक्टर म्हणायचे, "माझा गुडघा आणि ही मोटार, दोघांपैकी एकाने तरी चाललं पाहिजे."

हिरामण सुट्टीवर घरी आला होता, तो कासवी बघायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं तसं त्याला हसूच आलं. लाँचच्या धुडापुढे हे इंजिन म्हणजे पोराचं खेळणं! चार सिलिंडर, चार प्लग, एक कार्बुरेटर. पाणी फिरवायला पंपसुद्धा नाही. तापलेलं पाणी आपसूक वर चढायचं, पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून निवत खाली उतरायचं आणि पुन्हा इंजिनात शिरायचं. असं साधं इंजिन माणसावर उपकारच करतं. सगळं डोळ्यांना दिसतं, सगळीकडे हात पोचतो, आणि बिघडलं तर लपवाछपवी करत नाही.

पाच वर्षं हिरामणने कासवीला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. दर रविवारी प्लग काढून पितळी ब्रशने घासायचा, ठिणगी देणाऱ्या पॉइंटमधली फट खेळायच्या पत्त्याने मोजायचा, ग्रीस भरायचा. वर्षातून एकदा इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून आतली काजळी खरवडायचा. व्हॉल्व्हला पेस्ट लावून ते आपल्या जागी घासायला बसला की दोन तळव्यांमधली काठी ताक घुसळल्यासारखी फिरत राहायची. लांबच्या गावी जायचं असलं की गाडीही तोच चालवायचा. आसपासच्या सात गावांत रात्री-अपरात्री कासवीचा आवाज आला की लोक म्हणायचे, आता काळजी नाही, डाक्तर आला.

आणि मग एकोणसाठचा उन्हाळा आला.

खारकोंडात गोडं पाणी नव्हतंच. दीड मैलावर, डोंगराच्या पायथ्याशी एकच बाव, म्हणजे विहीर, होती. त्या वर्षी होळीलाच तिचा तळ दिसायला लागला. बायका पाळीने उतरायच्या, वाटीवाटीने हंडा भरायच्या. कासवीच्या रेडिएटरला रोज एक तांब्याभर पाणी लागायचं, कारण उन्हात थोडी वाफ जायचीच. एके सकाळी हिरामण दवाखान्याच्या माठातून तांब्या भरायला वाकला आणि थांबला. माणसांना प्यायला नाही आणि इंजिनाला गोडं पाणी? पाप लागेल पाप! त्याने सरळ खाडीवर जाऊन डबा भरून आणला. लाँच आठ वर्षं खारं पाणी प्यायली, तिला काय धाड भरली होती? आपण किती गोडं पाणी वाचवतो आहोत, याचा त्याला मनातून अभिमानही वाटला. कुणाला सांगितलं नाही एवढंच. चांगलं काम सांगून काय करायचं?

फाल्गुन, चैत्र, वैशाख. अडीच महिने कासवी खाडी प्यायली.

वैशाखात एका दुपारी शेजारच्या पाड्यावरून निरोप आला. खारकोंडच्या गोजराबाईची सून मैना तिथे माहेरी बाळंतपणाला गेली होती आणि अडली होती. हिरामणने गाडी काढली. दोन मैल जातात न जातात तोच बॉनेटखालून पांढरा धूर निघाला, इंजिन खोकलं, तीनदा आचके देऊन बंद पडलं. हँडल मारलं तर फिरेना. डॉक्टर बॅग घेऊन अधू गुडघ्याने उन्हात चालत निघाले. पुढे एक बैलगाडी मिळाली म्हणून पोचले. मैना वाचली, बाळही वाचलं, पण परत आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "हिरामण, अजून अर्धा तास लागला असता तर दोघंही गेली असती."

हिरामणला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी मुंबईहून वामन मिस्त्रीला बोलावलं. डोक्यावर टोपी, खिशात तीन स्क्रू ड्रायव्हर. त्याने हँडलला एक हिसडा दिला, प्लग काढून आत बघितलं तर सिलिंडरात पाणी.

"खलास," तो म्हणाला. "ब्लॉक गेला. याच्यावर खर्च करनं म्हंजे पाण्यात पैसा. पुढच्या सोमवारी लॉरी घेऊन येतो, सुट्या भागांसाठी उचलून नेतो."

डॉक्टरांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मोटार नसेल तर मला इथे राहून उपयोग नाही. उरणला बिऱ्हाड हलवतो. निदान तिथले पेशंट चालत माझ्याकडे येतील." हे ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले.

मंगळवारी सकाळी हिरामणने कुणाला न विचारता हेडचे नट सोडवले. हेड उचललं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडातल्या, पाण्याच्या वाटा पांढऱ्याफटक होत्या. बोट घालून त्याने जिभेला लावलं. मीठ. अस्सल, मिठागरात पिकतं तसं, खडे धरलेलं मीठ. रेडिएटरच्या नळ्या त्याच मिठाने बुजल्या होत्या, म्हणून पाणी फिरेना. फिरेना म्हणून इंजिन तापलं. तापलं म्हणून हेडखालची गॅस्केटची पट्टी जळाली आणि पाणी सिलिंडरात शिरलं. वामन मिस्त्रीला काही कळलं नव्हतं. डॉक्टरांना तर नव्हतंच. हिरामण गप्प बसला असता तर जुनी गाडी होती, मेली, एवढंच लोकांनी म्हटलं असतं.

तो उठला, हात पुसले, दवाखान्यात गेला. "डाक्तर, मोटार मी मारली. खाडीचा पानी घातला मी तिला."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोडा पानी वाचवाया." हे बोलताना ते त्याला स्वतःलाच इतकं खुळचट वाटलं की कान तापले. "पन ब्लॉक फुटलेला नाय. मी बगितलाय. सोमवारपर्यंत मना द्या. मीच बिघडवली, मीच सुदरवीन."

"आणि नाही सुधारली तर?"

"मंग लॉरीत मीच चढवीन. नि पुना इंजिनाला हात लावनार नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सोमवारी दुपारपर्यंत," ते म्हणाले.

बुधवारी हिरामणने मिठाशी मारामारी केली. तारेने खरवडलं, हातोडीने ठोकलं, उकळतं पाणी ओतलं. वरवरचं निघालं, आतलं जागचं हललं नाही. रेडिएटरमध्ये ओतलेलं पाणी वरूनच उतू आलं. घामाने आणि रागाने त्याला समोरचं दिसेना. दुपारी शेवंताबाई भाकरी घेऊन आली आणि ब्लॉककडे बघून तिने पदर तोंडाला लावला. आधी त्याला वाटलं आई रडते. ती हसत होती.

"अरे मेल्या, मिठागर केलास तू मोटारीचा!"

"लाँचला चालतंय तो पानी, आय!"

"दर्याचा पानी येतंय नि जातंय, म्हनून मीठ धरत नाय. कोंडून ऊन दिलंस का धरतंय. जल्म मिठात गेला नि येवढा नाय कळला?" हसू ओसरलं तशी ती खाली बसली. तिने रेडिएटर उचलून हलवून बघितला. "खार खरवडून जात नाय. खारजमीन भाताला कशी आनतात? बांध घालून गोडा पानी उभा करतात. ढवळत नाय, ठोकत नाय. मीठ उतरला का उघाडी सोडतात. मंग पुना पानी उभा करतात. गोडा लागेपर्यंत."

रेडिएटरला खाली नळ होता, ब्लॉकलाही होता. म्हणजे उघाडी, बांधातलं पाणी सोडायचं दार, दोन्हीकडे होतीच. आठ वर्षं लाँचवर आणि पाच वर्षं मोटारीवर घालवलेला हिरामण आपल्या निरक्षर आईकडे बघत राहिला, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, हे जमेल.

पण गोडं पाणी? एका वेळेला एक हंडा लागणार, आणि असे किती हंडे लागतील ते देव जाणे. घरातला हंडा तर आधीच ओतून झाला होता. संध्याकाळी शेवंताबाई बायकांना भेटायला निघाली. हिरामणही मागोमाग गेला. आपली चूक आईने सांगावी हे त्याला पटेना. बांधावर दहाबारा बायकांसमोर त्याने सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी कपाळाला हात लावला. गोजराबाईची जीभ गावात सगळ्यांत तिखट.

"म्हंजे आमी डोक्यावर हंडे आनून केस झिजवाचे नि तू ते मोटारीला पाजाचे? आमची पोरां काय पितील?"

"तुज्या सुनेलाच इचार, गोजरा," शेवंताबाई म्हणाली. "डाक्तर उरनला जेला का पुढच्या टायमाला कोन येईल?"

गोजरा पाठ फिरवून निघून गेली. बाईचा राग म्हणजे राग, हिरामणला वाटलं, संपलं. गुरुवारी उजाडायच्या आत दवाखान्याच्या ओसरीवर पहिला हंडा तिचाच होता. ठेवताना म्हणाली, "सांडलास तर बग."

त्यानंतरचे तीन दिवस खारकोंडातल्या घरांत डाळ एकदाच शिजली आणि भांडी राखेने कोरडी घासली गेली. गुरुवारी पहिल्या लाँचने हिरामण मुंबईला गेला, गॅस्केट आणायला. तो दिवसभर तिकडे होता आणि इकडे शेवंताबाई मोटारीपाशी पाट टाकून बसली होती. पाणी भरायची, सावलीचा अंदाज घेऊन उभं ठेवायची, मग नळ सोडायची. सोडलेल्या पाण्याचा एक थेंब जिभेवर. पहिल्या हंड्याला थुंकून म्हणाली, "मिठागर." सहाव्याला, "खाडी." दहाव्याला, "पावसातली खाडी." डॉक्टर पेशंट तपासता तपासता बाहेर येऊन विचारायचे, "शेवंताबाई, आता काय?" आणि त्या गंजक्या पाण्याची चव ऐकून परत आत जायचे.

शुक्रवारपासून हिरामण हेडच्या मागे लागला. तापून ते किंचित वाकलं होतं. सपाट करायला काच हवी होती. डॉक्टर आत गेले, भिंतीवरची आपली डिग्री उतरवली, चौकटीतली काच काढून त्याच्या हातात दिली. "कागद राहू दे," म्हणाले, "काच तुला लागेल." दगडी पायरीवर काच ठेवून, तिच्यावर पेस्ट पसरून हिरामणने दोन दिवस हेड घासलं. बोटांची सालं निघाली. कुठेही उजेडाची फट दिसेना तेव्हाच थांबला.

शनिवारी सोळाव्या हंड्याला शेवंताबाईने थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि पुन्हा एक थेंब घेतला. "बाव," ती म्हणाली. रेडिएटरमध्ये वरून ओतलेलं पाणी आता खालून धो धो पडत होतं.

रविवारी त्याने इंजिन जुळवलं. हेडचे नट मधल्यापासून बाहेर, प्रत्येकाला थोडं थोडं करत आवळले. व्हॉल्व्हखालच्या फटी मोजल्या. सतरावा हंडा रेडिएटरमध्ये ओतताना एक थेंबही सांडू दिला नाही.

सोमवारी अकराला वामन मिस्त्री लॉरी घेऊन हजर. गाव जमलेलं. हिरामणने हँडल धरलं, अंगठा बाजूला ठेवून, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. एकदा. दोनदा. तिसऱ्याला इंजिन लागलं, पण लंगडत. पोरांनी ओरडा केला. हिरामणने ऐकला नाही. त्याने प्लगच्या तारा एकेक करून उचलल्या. तिसरी उचलली तरी आवाज बदलला नाही. म्हणजे चोर सापडला. प्लग काढला, ओला होता. पुसला, तापवला, बसवला. कासवी चार पायांवर आली आणि तिचा जुना आवाज रस्त्याला लागला. दहा मिनिटं चालवून त्याने इंजिन बंद केलं आणि हेडचे नट पुन्हा एकदा फिरवून घेतले.

"चालू कोन पन करील," वामन मिस्त्री म्हणाला. "तापते का, ते बघ. या उन्हात लोड टाकून पळव, मंग बोलू."

बरोबरच होतं त्याचं. हिरामणने विचारलं, "डाक्तर, बावीवर नेऊ? बायकांचा पानी फेडाया लागंल." डॉक्टरांनी मान डोलावली. मागच्या सीटवर चार रिकामे हंडे चढले आणि त्यांच्यामध्ये, जन्मात पहिल्यांदा मोटारीत, शेवंताबाई बसली.

पुढे हिरामणने त्याच नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. आलेल्या प्रत्येक गाडीच्या रेडिएटरचं पाणी तो आधी चाखून बघायचा, आणि गिऱ्हाईक हसलं की ही गोष्ट स्वतःच सांगायचा, आपली चूक आधी. लोक त्याला हुशार मिस्त्री म्हणायचे. पण त्या सोमवारी तो मिस्त्री नव्हता. तो फक्त एक माणूस होता, ज्याचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा बॉनेटवर होता. बावीच्या चढावर त्याने श्वास धरला. धूर निघाला नाही. भरलेल्या हंड्यांनी गाडी मागे बसली, परत येताना उतारावर पाणी डचमळून शेवंताबाई भिजली, तरीही धूर निघाला नाही.

नाक्यावर वामन मिस्त्रीने बॉनेट उघडून रेडिएटरजवळ तळवा धरला. बराच वेळ धरला. मग टोपी सरळ केली. "लॉरी रिकामीच जानार," म्हणाला, आणि हिरामणच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

पहिला हंडा गोजराच्या दारात गेला. शेवटचा घरचा. दुपार टळटळत होती, शेवंताबाईचे ओठ सुकले होते. हिरामणने तांब्या बुडवून तिच्यापुढे केला. "पी, आय."

तिने घेतला नाही. "आदी तिला."

"ती तापलीय. आथाच गार पानी ओतला तर फुटंल. दम खायला लागंल."

"मंग थांबू," ती म्हणाली आणि मोटारीच्या सावलीत बसली.

तो तिच्याशेजारी बसला. बैल गोठ्यात सोडल्यावर बाप असाच बसायचा. अर्ध्या तासाने त्याने फडक्याने झाकण हळूच फिरवलं आणि तांब्यातलं पाणी आत सोडलं. कासवीला जेमतेम दोन घोट लागले. उरलेला तांब्या त्याने आईच्या हातात दिला, आणि ती न थांबता तो संपवत असतानाच डॉक्टर बॅग घेऊन लंगडत बाहेर आले. जासईकडून बोलावणं आलं होतं.

हिरामण उठला आणि त्याने हँडल हातात घेतलं.